पाक पाणी आणि बॅटरीचं पाणी

‘बॅटरीला काय, पाणीच तर घालायचंय!’ कोकणातल्या बंदरांवर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हे वाक्य हमखास कानावर पडतं. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपत आलेली असते. मिरकरवाड्यापासून साखरीनाट्यापर्यंत आणि वर जयगड, दाभोळ, हर्णैपर्यंत बोटींची डागडुजी चाललेली असते. जाळी, रंग, इंजिन यांवर मोठा खर्च होतो आणि तो कुणी टाळत नाही. मग कुणाला तरी आठवण होते की बॅटरीचं पाणी खाली गेलंय. त्या क्षणी जे हाताशी असेल ते ओतलं जातं. नळाचं, विहिरीचं, जेटीवरच्या पिंपातलं, कधी वजूच्या लोट्यात उरलेलं. बूच लावलं की काम झालं.

माझं भांडण या वाक्याशी आहे. हे वाक्य अज्ञानातून येतं असं म्हणून ते सोडून देता येत नाही. ज्या तांडेलाला पाण्याच्या रंगावरून तळ कळतो आणि वाऱ्याच्या वासावरून उद्याचा दिवस कळतो, त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना नाही. हे वाक्य आपल्या सवयीतून येतं. पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा, ते पाक आहे की नापाक, एवढंच आपण शिकलो आणि शिकवलं. त्यापुढचा प्रश्न, ते कशासाठी पाक आहे, हा आपण मदरशातल्या पुस्तकात ठेवून आलो.

आधी बोटीवर बॅटरी काय करते ते पाहू. ज्यांनी बोट फक्त लांबून पाहिली आहे, त्यांना ती इंजिनाशेजारच्या लाकडी पेटीतली एक जड वस्तू वाटेल. पण सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू होत नाही, त्याला सेल्फ लागतो आणि सेल्फला बॅटरी. रात्री नांगर टाकून इंजिन बंद केलं की दिवे बॅटरीवर. जीपीएस, मासे दाखवणारं यंत्र, व्हीएचएफ वायरलेस हे सगळं बॅटरीवर. चाळीस वावात जाळं टाकून बसलेल्या बोटीचं इंजिन पहाटे सुरू झालं नाही, तर ती बोट लाटेच्या मर्जीवर. त्याच समुद्रातून मोठी मालवाहू जहाजं जातात. त्यांना अंधारातली बिनदिव्याची लाकडी बोट दिसेलच याची हमी नाही आणि हाक मारायला वायरलेसही नाही. बोटीवर आठ-दहा माणसं असतात. त्यांतले कित्येक नेपाळमधून, कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून रोजीसाठी आलेले. बॅटरीत कोणतं पाणी घातलं हे त्यांना कुणी सांगत नाही आणि त्यांनी विचारलेलं कुणाला आवडतही नाही.

आता ‘पाणीच तर’ या शब्दांकडे येऊ. बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीत सहा खाने असतात. प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि त्या बुडतील एवढं पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. चार्जिंग होताना, विशेषतः ते जास्त झालं तर, त्यातल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होऊन उडून जातात. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने आणखी थोडं पाणी कमी होतं. ॲसिड मात्र उडत नाही, ते आतच राहतं. म्हणून पातळी खाली गेली की भर घालायची ती फक्त पाण्याची. बॅटरी मंदावली म्हणून वरून ॲसिड ओतणारे महाभाग आहेत. त्यांनी मरणाऱ्या बॅटरीला लवकर मारलेलं असतं, एवढंच.

बाहेर जातं ते निव्वळ पाणी आणि आत येतं ते पाणी अधिक त्यात विरघळलेलं जे काही असेल ते. हे आत आलेलं पुन्हा बाहेर पडत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजवायला प्रयोगशाळा लागत नाही, त्याने मिठागर पाहिलेलं असतं. मिठागरात खारं पाणी घ्यायचं, ऊन पाणी नेतं आणि मीठ ठेवतं. बॅटरीतही तेच चालू असतं, फक्त बूच लावलेलं असल्यामुळे दिसत नाही.

हिशोब करून पाहा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आय.एस. १०५०० हे आहे. त्यात विरघळलेल्या क्षारांची चांगली मानली जाणारी मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. एखाद्या बॅटरीला हंगामभरात पाच लिटर पाणी लागलं असं धरा. ५०० च्या पाण्याने तिच्यात अडीच ग्रॅम क्षार साठतील, २००० च्या पाण्याने दहा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे. जेवणात दोन चमचे मीठ जास्त पडलं तर ताट सरकवणारा माणूस बॅटरीत ते निमूटपणे ओततो आणि वर्षभरात ती बसली की कंपनीला शिव्या देतो.

या क्षारांतला प्रत्येक जण आपापलं काम करतो. क्लोराइड, म्हणजे मिठातला निम्म्याहून मोठा वाटा, शिशाची जाळी कुरतडतं. लोह हे तर फेरीबोटीसारखं आहे. एका प्लेटवर जाऊन रूप बदलतं, दुसरीवर जाऊन परत पहिल्या रूपात येतं आणि या येरझाऱ्यांत बॅटरीतला साठा काहीही न चालवता संपवत राहतं. दिवा लावलेला नाही, इंजिन बंद आहे, तरी सकाळी बॅटरी उतरलेली असते. त्याचं एक कारण हे. तांबं आणि निकेल अगदी थोडे असले तरी वायू जास्त सुटतो, म्हणजे पाणी आणखी लवकर कमी होतं. चुन्याचे क्षार ॲसिडशी मिळून जिप्सम बनतात आणि बसून राहतात. बंदीच्या दोन महिन्यांत बॅटरी तशीच पडून असते. आधीच उतरलेली आणि त्यात पाणी असं, मग प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. १ ऑगस्टला ती हुकूम मानत नाही, यात नवल काही नाही.

मग कोणतं पाणी घालायचं? जेटीवर विचारलं तर पाच-सहा उत्तरं मिळतात आणि प्रत्येक उत्तर देणारा ठाम असतो.

एक म्हणतो, आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे. जिभेला गोड म्हणजे क्षार नाहीत असं नाही. आपल्या बऱ्याच विहिरी जांभ्यात खोदलेल्या. जांभा लाल आहे तो लोहामुळेच. खाडीकाठच्या विहिरीत उन्हाळ्यात खारं पाणी शिरतं ते वेगळं.

दुसरा म्हणतो, उकळून गार केलेलं घाल. उकळण्याने जंतू मरतात. बॅटरीला जंतूंशी देणंघेणं नाही. उकळताना शुद्ध पाणी वाफ होऊन जातं आणि भांड्यात राहिलेल्या पाण्यात क्षारांचं प्रमाण वाढतं. म्हणजे मेहनत करून वाईट पाणी तयार केलं.

तिसरा बाटलीचं पाणी आणतो आणि आपण सर्वांत चांगलं केलं असं समजतो. त्याला तो ‘मिनरल वॉटर’ म्हणतो. मिनरल म्हणजे खनिज, आणि आपल्याला नको आहेत ती तीच. पिण्याच्या बाटलीत चवीसाठी आणि आरोग्यासाठी क्षार राखलेले असतात, काही वेळा मुद्दाम मिसळलेले असतात. माणसासाठी ते बरोबर आहे.

चौथा आरओवाला. आरओचा पडदा साधारण ९० ते ९५ टक्के क्षार अडवतो. मूळ पाणी १००० चं असेल तर उरलेले ५० ते १०० मिलिग्रॅम पुढे येतातच. शिवाय घरातल्या कित्येक आरओ यंत्रांत चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. विहिरीच्या मानाने हे पाणी बरं, पण बॅटरीचं नव्हे.

पाचवा एसीच्या नळीखाली बादली लावतो. विचार चुकीचा नाही, कारण ते हवेतल्या वाफेचंच पाणी आहे. पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीवरून, धूळ आणि बुरशी धुऊन येतं आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतंच. सहावा पावसाचं पाणी सुचवतो. मोकळ्या जागेत, पहिल्या सरी जाऊ देऊन, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या स्वच्छ भांड्यात धरलेलं पाणी यांतलं सर्वांत कमी वाईट आहे. तरी लाटांचे तुषार उडतात तिथलं नको, आणि कौलांवरून किंवा पत्र्यावरून आलेलं तर नकोच. बर्फ वितळवून घालणाऱ्यांबद्दल काय बोलावं? बर्फाच्या कारखान्यातला बर्फ पाण्याचा बनतो आणि ते पाणी त्याच विहिरीचं असतं.

राहिलं समुद्राचं पाणी. ते कुणी जाणूनबुजून ओतत नाही, पण पेटीचं झाकण तुटलेलं आणि बुचं सैल असतील तर ते आपलं आपण येतं. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यांत १९ ग्रॅम क्लोराइड. ते बॅटरीत गेलं तर क्लोरीन वायू सुटू शकतो. जुन्या पाणबुड्यांमध्ये बॅटऱ्यांत समुद्राचं पाणी शिरणं ही खलाशांची मोठी भीती होती, ती याच विषारी वायूमुळे.

उरतं ते एकच. वाफ करून थंड केलेलं डिस्टिल्ड वॉटर किंवा राळेच्या गाळणीतून क्षार काढलेलं डीएम वॉटर. बॅटरीच्या पाण्यासाठी आपल्या देशात वेगळं मानक आहे, आय.एस. १०६९. पिण्याच्या पाण्याचं वेगळं आणि बॅटरीच्या पाण्याचं वेगळं, यातच सगळं आलं.

इथे माझे काही दीनदार मित्र म्हणतील की, हा मेकॅनिकचा विषय तू इथे कशाला आणलास? आणला, कारण आपल्याइतका पाण्याचा विचार फार थोड्या समाजांनी केला असेल. फिकहच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचा पहिला भाग तहारतीचा, आणि त्याची सुरुवात पाण्याच्या प्रकारांनी. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आपल्या पोरांना दहाव्या वर्षी माहीत असतं की, गुलाबजल ताहीर आहे, म्हणजे स्वतः पाक आहे, अंगावर शिंपडता येतं, पिताही येतं. पण त्याने वजू होत नाही. पाण्यात केशर इतकं मिसळलं की त्याला नुसतं पाणी म्हणता येऊ नये, तर तेही वजूला चालत नाही, मग ते कितीही महाग असो. आणि समुद्राचं पाणी, जे घोटभर पिता येत नाही, ते वजूला चालतं.

समुद्राच्या पाण्याची ही परवानगी कुणाच्या प्रश्नातून आली? दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या. इमाम मालिकांच्या मुवत्तामध्ये आणि सुनन-ग्रंथांमध्ये ती हदीस आहे. एकाने पैगंबरांना (स.) विचारलं की, आम्ही समुद्रात जातो, सोबत गोडं पाणी थोडं असतं, त्याने वजू केला तर तहानेने मरू, मग समुद्राच्या पाण्याने वजू करावा का? उत्तर मिळालं की ते पाणी पाक करणारं आहे. त्या प्रश्नातली शिस्त पाहा. त्या माणसाने पाण्याचा हिशोब केला होता, पिण्याचं वेगळं, वजूचं वेगळं, आणि काय कमी पडतं ते ओळखून जाणत्याला विचारलं होतं. आपल्या बंदरांवरचा दालदी नाखवा आणि खलाशी हा त्याच माणसाचा भाऊबंद. त्याला आपण कोणता हिशोब शिकवला?

म्हणजे गुण पाण्यावर लिहिलेला नसतो, तो कामावर ठरतो, हे आपल्या फकिहांनी हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवलं. ते वाचून परीक्षा देणारी माणसं जेटीवर येऊन म्हणतात, पाणी ते पाणी. मला राग येतो तो इथे.

दुसरा राग तक्दीरचा. बोट बंद पडली, दुसऱ्या बोटीने ओढून आणली, दोन दिवसांची माशेमारी गेली, की म्हणायचं, नशिबात होतं. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ही शिकवण जुम्म्याच्या बयानात वर्षातून चार वेळा ऐकणारा समाज आहे हा. बोटीवर उंट नसतो, बॅटरी असते. तिच्या प्लेटा उघड्या पडेपर्यंत झाकण न उघडणाऱ्याने तवक्कुलचं नाव घेऊ नये. तो आळस आहे आणि त्याची किंमत बहुतेक वेळा मालक देत नाही, बोटीवरचे देतात. खलाशाने आपला जीव तुमच्या बोटीवर ठेवला ती अमानत आहे. अमानतीत खयानत फक्त पैशाची होते असं कुठल्या किताबात लिहिलंय?

तिसरी गोष्ट विकणाऱ्यांची. ‘बॅटरी वॉटर’ अशी चिठ्ठी चिकटवलेले पांढरे कॅन दुकानांत मिळतात. त्यांतले काही खरे असतात. काहींवर ना मानकाचा क्रमांक, ना तारीख, ना बनवणाऱ्याचा पत्ता. कॅन स्वस्त, पाणी स्वच्छ दिसतं, आणि क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. नळाचं किंवा आरओचं पाणी भरून त्यावर बॅटरीचं नाव लावणं ही सोपी लबाडी आहे. आपल्यातले दुकानदार याला लबाडी मानायला तयार नसतात, ‘पाणीच तर आहे’ हे वाक्य त्यांच्याही तोंडी असतं. सहीह मुस्लिममधला धान्याच्या ढिगाचा प्रसंग त्यांनी आठवावा. पैगंबरांनी (स.) बाजारात ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला की पावसाने भिजलं. त्यावर विचारणा झाली की, मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, असं त्यांनी बजावलं. त्या माणसाच्या धान्यात नुसतं पाणी होतं, तुमच्या पाण्यात मीठ आहे, आणि दोन्हीकडे गिऱ्हाइकापासून लपवलेलं. सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. दर्जात मारणारा स्वतःला त्यातून वगळू शकतो का, हे त्याने एखाद्या आलिमाला विचारावं.

‘मच्छीमाराकडे एवढे पैसे कुठून येणार?’ हा आक्षेप मी आदराने ऐकतो. डिझेल महाग, परतावा वेळेवर नाही, मासळी घटलेली, बंदरांवर गोड्या पाण्याचीच नीट सोय नाही. सरकारचा दोष आहे आणि तो सांगत राहायला हवा. पण डिस्टिल्ड पाण्याचा हंगामभराचा खर्च एका नव्या बॅटरीच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. गरिबाला तर वस्तू टिकवणं अधिक गरजेचं. दुसरा आक्षेप, ‘आता बंद बॅटऱ्या आल्या, पाणी घालावंच लागत नाही.’ आल्या, पण त्या महाग आहेत आणि जास्त चार्जिंग झालं तर त्यांतलंही पाणी जातं, फक्त भर घालता येत नाही. बंदरांवर अजून बुचांच्या बॅटऱ्याच भरपूर आहेत. ज्याची बॅटरी आठवड्याला पाणी मागते त्याने आधी अल्टरनेटरचा कटआउट तपासावा, कारण ती तहान रोगाची खूण आहे.

‘मुसलमानांवर एवढी संकटं असताना तू पाण्याचे थेंब मोजतोस?’ हा तिसरा आक्षेप नेहमीचा. मोठ्या संकटांवर मीही लिहिलं आहे आणि लिहीन. पण समाज म्हणजे सभेतली भाषणं नव्हेत. पहाटे बंदरातून निघणारी बोट संध्याकाळी परत येते की नाही, हाही समाजाचाच प्रश्न आहे. आणि तो सोडवायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

आपल्याकडे आणखी एक मौज आहे. ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड करण्याची कला, आमच्या जाबिर इब्न हय्यानने पुढे नेली, याचे संदेश आपण एकमेकांना पाठवतो. बरोबर आहे. ते भांडं मुळात ग्रीकांचं, अरबांनी त्याला अल-अंबीक म्हटलं आणि युरोपने तेच नाव उचलून अलेंबिक केलं. अत्तरवाल्यांनी ती कला जपली. पण ज्यांचे पूर्वज अल-अंबीक वापरत होते त्यांच्या बंदरावर आज बॅटरीत घालायला दोन लिटर ऊर्ध्वपातित पाणी मिळत नाही, ही गोष्ट त्या संदेशाखाली कुणी लिहीत नाही. आणि त्याच किनाऱ्यावर जयगडला औष्णिक वीजकेंद्र उभं आहे. अशा केंद्रांच्या बॉयलरना क्षारमुक्त पाणी लागतंच आणि ते रोज बनवलं जातं. बॉयलर खराब होऊ नये म्हणून जी काळजी घेतली जाते ती माणसं घेऊन जाणाऱ्या बोटीच्या वाट्याला का येऊ नये?

करायचं काय, ते अवघड नाही. प्रत्येक बंदरावर मच्छीमार सोसायटी आहे. तिने राळेची एक क्षार-गाळणी बसवावी, आरओच्या पुढे जोडली तर राळ जास्त टिकते. त्याची जबाबदारी एका माणसाला द्यावी आणि बोटींना पाणी माफक दरात मोजून द्यावं. टीडीएस मोजायचं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. त्याने सगळं कळत नाही, कोणता क्षार आहे हे ते सांगत नाही, पण बॅटरीच्या नावाने विकलेल्या पाण्यात ते पन्नास दाखवू लागलं तर कॅन परत करायला तेवढं पुरेसं आहे. चांगलं पाणी त्यावर शून्याच्या आसपासच दिसतं. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे जाऊन पाणी तपासण्याबद्दल विचारावं.

ज्या बंदरावर सोसायटी झोपलेली आहे तिथे जमातीने हातात घ्यावं. मशिदीच्या गच्चीवर ऊन फुकट आहे. काचेच्या उतरत्या झाकणाखाली उथळ पाणी ठेवायचं, वाफ काचेला लागते, थेंब घरंगळून प्लॅस्टिकच्या पन्हळीत येतात. उन्हाळ्यातल्या चांगल्या उन्हात एका चौरस मीटरला दिवसाला दोन-तीन लिटर मिळतात. धातू मात्र कुठे लागता कामा नये. त्यात समुद्राचं पाणी घातलं तरी चालतं, मीठ तळाशी राहतं. एप्रिल-मेमध्ये जमवून झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरून ठेवलं की ऑगस्टच्या आधीची गरज भागते. मीनारावर रोषणाई करायला वर्गणी निघते, तर चार काचांना निघू शकेल.

आणि बोटीवर पाळायच्या चार गोष्टी. प्लेटा कायम बुडालेल्या हव्यात, वर साधारण बोटभर पाणी, बुचापर्यंत काठोकाठ नाही. भर घालायची ती चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढीच. आत पाहायला टॉर्च वापरायचा, काडी किंवा लायटर कधीच नाही, कारण वर हायड्रोजन साठलेला असू शकतो. आणि कुठलं पाणी, कधी घातलं, हे वहीत लिहायचं. डिझेलची वही असते, बर्फाची असते, पाण्याची एक ओळ त्यातच मावेल.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांनी आपल्या घरातल्या इन्व्हर्टरकडे पाहावं. तिथेही हीच बॅटरी आहे आणि हेच पाणी. फरक इतकाच की, ती बसली तर तुम्ही अंधारात घामाघूम होऊन रात्र काढाल. दर्यावरच्या माणसाला तेवढीही सवलत नाही. म्हणून येत्या जूनमध्ये बोटी वर ओढल्या जातील तेव्हा खलाशांनी मालकाला, मालकांनी सोसायटीला आणि जमातीने स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या बंदरावर बॅटरीचं पाणी कुठे मिळतं? उत्तर नसेल, तर बंदीचे ६१ दिवस ते शोधायला पुरेसे आहेत.